काजळ्याचा मास्तर करताना

अ‍ॅनिमेशन मालिकेतला खलनायक फिका वाटला की आधी सुचतं ते त्याचा आवाज घोगरा करायचं, डोळे लाल करायचं, सैन्य दुप्पट करायचं. त्यानं काही फरक पडत नाही. तो फिका असतो कारण कथा त्याच्यावाचूनही चालते. तपासायचं असेल तर प्रत्येक भागातल्या घटना ओळीनं लिहून काढा आणि ज्या घटना त्याच्या निर्णयामुळे घडतात तेवढ्यांवर लाल खूण करा. आठ भागांत मिळून तीनच खुणा आल्या, तर संवाद घासूनपुसून उपयोग नाही, सांगाडाच बदलावा लागेल.

समजा, मालिका सोलापुरात घडते. 22 मिनिटांचे आठ भाग. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली बारा वर्षांची रेणुका. तिच्या गल्लीत एक जुना जकार्ड माग आहे, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून नक्षी विणणारा. त्यावर जे विणलं जाईल ते खरं होतं. आणि काजळ्या नावाचा काळा धूर, ज्याला सगळं जग अंधारात बुडवायचंय. पहिल्या भागात तो गडगडाटी हसतो, मधले पाच भाग गायब असतो, आठव्यात रेणुकाच्या तळहातातून प्रकाश निघतो आणि तो विरून जातो. जग बुडवून त्याला मिळणार काय, हे कुणालाच माहीत नाही. हा प्रकाश पहिल्याच भागात का निघाला नाही, यालाही उत्तर नाही. मूळ संकल्पना मात्र चांगली आहे. माग, जकार्ड, विणलेलं खरं होणं, हे ठेवायचं आणि काजळ्या काढून टाकायचा.

त्याच्या जागी माणूस आणू. जकार्डची कार्डं पंच करणारा म्हातारा, गल्ली त्याला नुसतं मास्तर म्हणते. त्याला शहरात रोज पाणी हवंय. सोलापूरकराला ही इच्छा समजावून सांगावी लागत नाही, आणि खलनायकाची इच्छा अशीच हवी: ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. मास्तर पाण्याची नक्षी विणतो, नळ वाहू लागतात. पण ते पाणी कुठल्यातरी गावच्या विहिरीतून आलेलं असतं. प्रत्येक चादरीमागे एक विहीर आटते. तिसरी विहीर रेणुकाच्या मावशीच्या गावची.

आता तो वाईट आहे हे सिद्ध करायला हसायची गरज उरत नाही. रेणुका जाब विचारायला जाते तेव्हा तो कार्डावरून नजर न काढता म्हणतो, "पोरी, तुझी आई घागरी भरायला पहाटे तीनला उठायची. आता निजते की नाही सहापर्यंत? बंद करू का, सांग." रेणुकाकडे उत्तर नाही. ते तिला सहा भाग सापडत नाही, आणि मधल्या भागांना लागणारा ताण तिथूनच मिळतो.

जादूचा नियम यंत्रातूनच काढावा, वरून चिकटवू नये. जकार्डमध्ये कार्डाला भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिचा हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं सुई मागे ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच राहतो. एका कार्डाला बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. कार्डं दोऱ्यानं ओवून माळ केलेली असते, ती फिरून पहिल्या कार्डावर आली की नक्षी पुन्हा सुरू. माळेत 300 कार्डं धरली, तर एखादं कार्ड चुकलं की ती चूक दर फेऱ्याला त्याच जागी उमटणार.

यातच कथेची किल्ली आहे. ताण्याचा धागा तुटला तर दोष उभा दिसतो, कार्डाचा घोळ असेल तर आडवा, आणि सारख्या अंतरावर. रेणुका चादरीवर वीत टाकून मोजते. दर चार वितींना तीच आडवी रेघ. म्हणजे धागा तुटलेला नाही, माळेतलं एक कार्ड काढलेलं आहे. ते पाणी परत सोडणारं कार्ड. मास्तरनं स्वतः पंच केलं होतं, स्वतःच काढून फेकलं. आणि रेणुकाची आजी पहिल्या भागापासून उन्हाळ्यात ज्यानं वारा घेत बसते, तो भोकंभोकं असलेला पुठ्ठा तेच कार्ड. पहिल्या भागात ते तीन सेकंद दाखवा, त्यावर एक शब्दही बोलू नका. चौथ्यात आजी त्यानं माशी मारते. सातव्यात रेणुका ते हातात घेते. तीनदा दिसलं म्हणजे पुरे. दोनदाच दाखवलं तर लहान मुलं विसरतात.

गडगडाटी हास्याऐवजी मास्तरला मोजणी द्या. पडद्यामागून हळू आवाजात तेलुगूत, "ओकटी, रेंडू, मूडू...", आणि ठरावीक आकड्यापाशी अर्धा श्वास थांबणं. आजीही तशीच मोजते, तेही दाखवाच. नाहीतर भाषाच खलनायकाची होऊन बसेल आणि तो पूर्व भागावर अन्याय होईल.

हे सगळं लिहिण्याआधी मास्तरचं कॅलेंडर करा. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपासून मे अखेरपर्यंत, आठवड्याला एक ओळ: त्याला काय हवं होतं, त्यानं काय केलं, काय बिघडलं. या कॅलेंडरात रेणुकाचं नाव आणायचं नाही. ते एकटं वाचलं तरी गोष्ट वाटली पाहिजे. मग जिथं त्याची योजना कुणाच्या तरी घरात शिरते तिथं रेणुकाचे प्रसंग बसवा. बहुतेक जण उलटं करतात. आधी नायिकेचा प्रवास लिहितात आणि मधल्या भोकांत खलनायक कोंबतात, म्हणून तो पाच भाग गायब राहतो.

खर्चाचं गणित डोक्यात ठेवा. सेकंदाला 24 फ्रेम म्हणजे 22 मिनिटांच्या 31,680. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 15,840 चित्रं. म्हणून फेरलेखन अ‍ॅनिमॅटिकपर्यंत, म्हणजे कच्ची चित्रं आवाजासह जोडून केलेल्या आराखड्यापर्यंत, संपवायचं. त्यानंतर बदलता येतो तो बहुधा आवाजच, तोही पात्र पाठमोरं किंवा चौकटीबाहेर असेल तर. मोजत बसलेला मास्तर बराच वेळ पाठमोरा ठेवण्याचा हाही एक फायदा. यात्रेची गर्दी काढायला गेलात तर पहिल्याच भागात बजेट संपेल. कौलांवरून सरकणारी, मिरवणुकीतल्या सात उंच नंदीध्वजांची टोकं दाखवा, खाली हलगी. सोलापूरकराला बाकीचं दिसतं.

शेवटात तळहाताचा प्रकाश नको. रेणुका कार्ड माळेत ओवते, माग एक फेरा घेतो, विहिरी भरतात आणि तिच्याच घरचा नळ बंद पडतो. मास्तरला मारू नका, पळवू नका. त्याचा प्रश्न खराच होता, तो अजून तिथंच आहे. उत्तर आजीकडून येऊ द्या. सिद्धेश्वर तलाव सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खोदवला असं इथं मानतात, ते तिनं एका वाक्यात सांगावं आणि फावडं उचलावं. शेवटच्या दृश्यात गल्लीतलं एक जुनं, गाळानं भरलेलं आड, दोरीला लागलेली दहा-बारा माणसं, आणि वर येणाऱ्या पाट्या मोजणारा मास्तर. ओकटी, रेंडू, मूडू. या वेळी तो कुठल्याच आकड्यापाशी थांबत नाही.