तोडून बोलण्याची वही: 'रायट ॲक्ट'पासून 'कोल्ड शोल्डर'पर्यंत

मागच्या वेळी म्हटलं होतं की मी कार्डांवर जमवत आलेले, समोरच्याला झटकून टाकायचे किंवा सरळ दम भरायचे इंग्रजी वाक्प्रचार आता अकारविल्हे लावायचे नाहीत. ते काम एकदाचं पुरं झालं. जुनी यादी मोडली आणि प्रत्येक कार्डावर पहिला रकाना आखला: कोण कोणाला म्हणतं. अर्थ दुसऱ्या रकान्यात गेला. अर्थ काय, कुठल्याही कोशात मिळतो. पण 'स्पिट इट आउट' ('काय ते बोलून टाक') हे आडखळणाऱ्या पोराला बापाने म्हणावं, मित्राने मित्राला म्हणावं, आणि साहेब बोलता बोलता थांबले तर आपण मात्र गप्प बसावं, एवढं कोश क्वचितच सांगतो.

कार्डं अशी लावल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. दम भरून काही मागणारे बरेचसे वाक्प्रचार वरून खाली येतात, आणि मुळात ते ज्याच्या तोंडी होते त्याच्या हातात काहीतरी असायचं. कायद्याचा कागद, पिस्तूल, नाहीतर पैजेची रक्कम. 'स्टँड अँड डिलिव्हर' म्हणजे वाटमाऱ्याचं 'थांब आणि काढ काय असेल ते'. आज ते गमतीत म्हणतात, पण त्या काळी नकार देणाऱ्याचा जीव जायचा. (वाटमाऱ्यांचा शिरोमणी समजला जाणारा डिक टर्पिन १७३९ मध्ये यॉर्कला फासावर गेला, तो मात्र घोडेचोरीसाठी.)

यात सगळ्यात भरीव निघालं ते 'रीड द रायट ॲक्ट'चं कार्ड. आज आई मुलांना 'रायट ॲक्ट' वाचते, म्हणजे खडसावते; शिक्षक वर्गाला वाचतात, मुकादम कामगारांना. पण हा कायदा खरोखरच होता आणि तो खरोखरच वाचला जायचा. १७१५ च्या ऑगस्टपासून ब्रिटनमध्ये तो लागू झाला. बारा किंवा अधिक माणसं दंगा करत जमली की मॅजिस्ट्रेटने किंवा शेरीफने समोर उभं राहून ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा: राजाची आज्ञा आहे, ताबडतोब पांगा, आपापल्या घरी किंवा कामाला जा. वाचून झाल्यावर तासाभरात जे पांगले नाहीत त्यांना देहदंड. मजकूर शब्दशः वाचावा लागे. शेवटचं 'गॉड सेव्ह द किंग' वाचायचं राहिलं म्हणून १८३० च्या एका खटल्यात शिक्षा रद्द झाली. १९१९ च्या जानेवारीत ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये शेरीफ वाचायला उभा राहिला, तर जमावाने त्याच्या हातातून कागदच हिसकावून घेतला. कायदा पुस्तकातून पुरता गेला तो १९७३ मध्ये. वाक्प्रचार राहिला आणि घरोघरी चालतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे कळायला वेळ लागत नाही, कारण '१४४ लागलं' हे आपण लहानपणापासून ऐकलंय. भारतीय दंड संहितेत बेकायदा जमावाला पाच माणसं पुरत, बारा लागत नसत. फरक असा की आपण १४४ कोणाला 'वाचून दाखवत' नाही. घरी आईने दम दिला तर ती खरडपट्टी काढते, फार तर हजेरी घेते. म्हणून त्या कार्डावर मराठी रकान्यात 'हजेरी घेणे' ठेवलंय. त्यातही एकाने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी निमूट ऐकायचं हे आहेच.

पैजेच्या बाजूची कार्डं पटकन उरकली. 'पुट अप ऑर शट अप' आणि 'पुट युअर मनी व्हेअर युअर माउथ इज' ही एकाच घरातली भावंडं: लाव पैसे, नाहीतर तोंड बंद कर. 'फिश ऑर कट बेट' जरा खास आहे. होडीत कोणी गळ टाकतो, कोणी आमिष कापून देतो, दोन्ही कामंच. म्हणजे मूळ दम असा की मासे तरी धर, नाहीतर आमिष कापायला बस, पण हात बांधून उभा राहू नकोस. आज मात्र 'कट बेट' म्हणजे गाशा गुंडाळून निघ असाच अर्थ अनेक जण धरतात. जोसेफ कॅनन यांनी १८७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये विरोधकांना हे सुनावलं आणि त्यानंतर ते फार पसरलं. राजकारण्यांना तो वाक्प्रचार अजूनही आवडतो, आणि मला तो त्यांच्याच तोंडी शोभतो असं वाटतं.

'कट टू द चेस'ला मराठी जोड शोधावी लागली नाही. मूकपटांच्या काळात पटकथेत पाठलागाच्या प्रसंगावर उडी मारण्याची ती सूचना होती. 'पाल्हाळ पुरे, मुद्द्यावर ये' या अर्थाने ती बोलण्यात रुळली बरीच नंतर. आपलं 'नमनालाच घडाभर तेल' हेही खेळाच्या मांडवातलंच. तिकडे पाठलागाची घाई, इकडे तेलाची काळजी.

आता दुसरा ढीग, न बोलता झटकायचा. इथे दंतकथांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे हात आखडूनच लिहिलं. 'कोल्ड शोल्डर' म्हणजे नकोशा पाहुण्याला गार मटणाचा खांदा वाढणं, ही कथा जालावर सगळीकडे आहे. तिला आधार मिळत नाही. वॉल्टर स्कॉटच्या १८१६ च्या 'द अँटिक्वेरी' या कादंबरीत स्कॉटिश बोलीत हा खांदा येतो, आणि तिथे तो 'दाखवला' जातो, वाढला जात नाही. म्हणजे सरळ पाठ फिरवणं. मटणवाली कथा चविष्ट आहे म्हणून टिकली असावी.

'सेंड टू कॉव्हेंट्री'वर (कॉव्हेंट्री हे इंग्लंडमधलं शहर) सगळ्यात जास्त वेळ गेला. १६४० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या यादवी युद्धात राजाच्या बाजूचे कैदी बर्मिंगहॅमहून कॉव्हेंट्रीला पाठवले, असा उल्लेख त्या काळच्या क्लॅरेंडनने लिहिलेल्या इतिहासात आहे. तिथल्या लोकांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं आणि त्यातून वाक्प्रचार आला, ही पुढची पायरी मात्र अंदाजाची. वापर स्पष्ट आहे: शाळेतली पोरं, कारखान्यातले सहकारी मिळून ठरवतात की याच्याशी कोणी बोलायचं नाही. मराठी रकान्यात आधी हात 'वाळीत टाकणे'कडे गेला, पण ते मी ठेवलं नाही. वाळीत टाकलं की पाणवठा, सोयरीक, मर्तिकाला खांदा, सगळंच तुटतं. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, आणि जात पंचायतींचे बळी त्या कायद्यामागे आहेत. कॉव्हेंट्रीचं वजन तेवढं नाही. 'सगळ्यांनी मिळून अबोला धरणे' लांबट वाटतं, पण तूर्त तेच लिहिलंय.

'शॉर्ट श्रिफ्ट'चं कार्ड फक्त एका ओळीसाठी इथे देतो. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड तिसरा'मध्ये हेस्टिंग्जला वधाला नेताना रॅटक्लिफ त्याला पापांची कबुली झटपट उरकायला सांगतो, कारण रिचर्डला त्याचं मुंडकं बघायची घाई आहे. आज एखाद्या अर्जाला 'शॉर्ट श्रिफ्ट' मिळाली की तो न वाचताच बाजूला सारला जातो. सरकारी कचेरीत चपला झिजवलेल्यांना हे समजवायला नको.

शिल्लक काम: 'हँड' आणि 'हाइक' असलेली नव्या अमेरिकन वाक्प्रचारांची कार्डं ('टॉक टू द हँड' म्हणजे 'मला ऐकायचं नाही', 'टेक अ हाइक' म्हणजे 'चल, नीघ'), आणि ऑस्ट्रेलियाचा अख्खा कप्पा. तिकडचं 'पुल युअर हेड इन' मी 'नाक खुपसू नकोस'च्या शेजारी लावलंय, पण पहिला रकाना कोरा आहे. मेलबर्न-सिडनीकडच्या मंडळींनी सांगावं: कचेरीत बरोबरीच्या माणसाला हे हसत म्हणता येतं, की ऐकल्यावर तो दोन दिवस चहाला येत नाही?