तुम्ही विचारलंत म्हणून: पट्टी कोणाची?

सांगलीत मी गेली अनेक वर्षे मुलींना सुगम संगीत शिकवते. महिला दिनाच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली की कोणीतरी पालक हमखास विचारतात, "बाई, सिनेमातल्या नि ऑर्केस्ट्रातल्या गाण्यांनी बायकांचं नेमकं काय भलं होतं?" विचारणाऱ्यांच्या मनात स्त्रीमुक्तीचे गाणे म्हणजे मुठी आवळून म्हणायचे समूहगीत असते. तशी गाणी मीही बसवली आहेत. पण माझे उत्तर पट्टीपासून, म्हणजे गाणारी व्यक्ती ज्या सुराला आपला 'सा' धरते तिथपासून, सुरू होते.

तरुणपणी मी एका ऑर्केस्ट्रात गात असे. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या हिशेबात माझी पट्टी काळी चार, मुख्य गायकाची काळी एक. युगुलगीत नेहमी त्यांच्याच पट्टीत लागे आणि माझा आवाज वर चिरके, नाहीतर खाली खर्जात विझून जाई. श्रोते म्हणत, मुलीचा आवाज बरा आहे, पण दम नाही. कार्यक्रम संपल्यावर माझ्या मानधनाचे पाकीट सोबत आलेल्या भावाच्या हाती दिले जाई.

गाणे कोणाच्या गळ्यातून येते यावर त्याचा अर्थही ठरतो. अमेरिकन गायक ओटिस रेडिंग यांनी स्वतः लिहिलेले 'रिस्पेक्ट' (मान) १९६५ मध्ये गायले, तेव्हा कमावून घरी येणारा पुरुष त्यात मान मागत होता. गायिका अरिथा फ्रँकलिन यांनी १९६७ मध्ये तेच गाणे घेतले, 'रिस्पेक्ट' या शब्दाचे एकेक अक्षर सुटे करून ठणकावले, मागे बहिणींचा कोरस ठेवला आणि मान मागणारी बाई झाली. अमेरिकेतील स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी ते गाणे आपल्या चळवळीचे मानले.

मात्र शब्द जुनेच राहिले तरीही काही घडू शकते, हे मला आमच्या सांगलीत बालपण घालवलेल्या लताबाईंकडे पाहून अधिक पटते. १९४९ च्या 'महल'मधले 'आएगा आनेवाला' हे वाट पाहण्याचेच गाणे, आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर सुरुवातीला गायिकेचे नाव म्हणून चक्क पडद्यावरच्या पात्राचे, 'कामिनी' असे छापले होते. त्यांनी गायलेल्या कितीतरी नायिका सोसणाऱ्या आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु पार्श्वगायनाला पुरस्कारच नाही म्हणून फिल्मफेअरच्या समारंभात गायला नकार देणारी आणि पुढे गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून दिग्गजांशी वाकडे घेणारी बाई त्याच आवाजाची मालकीण होती.

गेल्या गणेशोत्सवात माझी एक विद्यार्थिनी युगुलगीतासाठी उभी राहिली. कीबोर्डवाल्याने सवयीने सहगायकाच्या पट्टीचा सूर दिला, तेव्हा ती माइक बाजूला न घेताच म्हणाली, "काका, काळी चार. त्यांचं कडवं आलं की बदला." त्यांनी पट्टी बदलणारे ट्रान्सपोजचे बटण दाबले, दोन सेकंदांचे काम होते. पाकीट मात्र आयोजकांनी तिच्या वडिलांच्याच हाती दिले. तो विषय आम्ही पुढच्या मंगळवारी वर्गात घेतला.