उडती चाल, लांबचा पल्ला

भांडी घासताना कुणी मारवा गुणगुणत नाही. हाताला साबण, नळ सुरू, आणि तोंडात नकळत येतं ते काहीतरी अगदीच किरकोळ असतं: जाहिरातीतली ओळ, वरातीतलं गाणं, नाहीतर नुसतंच ला ला ला. आमच्या घरी या जागेवर गेली कित्येक वर्षं ऑस्ट्रेलियाची पॉप गायिका कायली मिनोग हिचं 'कान्ट गेट यू आऊट ऑफ माय हेड' ठाण मांडून बसलं आहे. गाणं २००१ सालचं. डोक्यातून जाणार नाही हे त्याने नावातच सांगून टाकलंय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. शब्द कळले नाहीत तरी अडत नाही, कारण मुख्य काम ते ला ला लाच करतं.

गंमत म्हणजे हे गाणं तिच्यासाठी रचलेलं नव्हतं. कॅथी डेनिस, म्हणजे स्वतःच एकेकाळची पॉप गायिका, आणि सत्तरच्या दशकात 'मड' नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवणारा रॉब डेव्हिस या दोघांनी काही तासांत ते केलं. मग ते स्थळं बघत फिरलं. 'एस क्लब ७' या पॉप बँडच्या व्यवस्थापकाने नको म्हटलं, गायिका सोफी एलिस-बेक्स्टरकडेही जमलं नाही. कायलीने डेमोची पहिली वीसेक सेकंदं ऐकली आणि हे मला हवंच, म्हणाली. पुढे ते चाळीसेक देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्यांनी नकार दिला त्यांना नंतर काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. मला कौतुक आहे ते त्या वीस सेकंदांचं. तिचा आवाज काही फार मोठा नाही, तसा दावा तिचे कट्टर चाहतेही करत नाहीत. पण आपल्या गळ्याला काय शोभेल हे ओळखणारा कान तिच्याकडे आहे, आणि तो काही तिला जन्मतः मिळाला नव्हता.

जन्म १९६८ चा, मेलबर्नचा. वडील अकाउंटंट, आई वेल्समधून आलेली, लग्नाआधी बॅले नाचणारी. घरात आधी नाव झालं ते धाकट्या बहिणीचं, डॅनीचं. ती टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात गायची. थोरली छोट्यामोठ्या मालिकांत कामं करायची. १९८६ मध्ये 'नेबर्स' या रोजच्या मालिकेत तिला शार्लीनची भूमिका मिळाली. डगला घालून गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करणारी, कुणाचं ऐकून न घेणारी पोरगी. तिचं आणि शेजारच्या स्कॉटचं मालिकेतलं लग्न ब्रिटनमध्ये १९८८ च्या नोव्हेंबरात दाखवलं, तेव्हा जवळपास दोन कोटी लोक टीव्हीसमोर होते. मालिकेतल्या लग्नाला घरच्या कार्याइतकं महत्त्व कसं येतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

गाण्याकडे ती वळली तीही वाट वाकडी करूनच. मेलबर्नच्या फिट्झरॉय फुटबॉल क्लबच्या मदतीसाठी मालिकेतल्या नटमंडळींनी एक कार्यक्रम केला. त्यात तिने 'द लोकोमोशन' हे साठच्या दशकातलं गाणं म्हटलं. लोकांना आवडलं, मश्रूम रेकॉर्ड्सने १९८७ मध्ये ते रेकॉर्ड म्हणून काढलं, आणि ऑस्ट्रेलियात ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या दशकात त्या देशात सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल तेच.

लंडनचा किस्सा तर मला फारच आवडतो. स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या तिघांचा तिथे गाण्यांचा कारखाना होता, आणि लोक त्याला कारखानाच म्हणायचे. कायली खास त्यांच्याकडे गाणं रेकॉर्ड करायला आली आणि तिष्ठत बसली. दिवस संपत आले, परतीचं विमान धरायचं, मेलबर्नला मालिकेचं चित्रीकरण खोळंबलेलं. शेवटच्या दिवशी कुणाला तरी आठवलं की अरे, ती ऑस्ट्रेलियातली मुलगी बाहेर बसली आहे! गाणं तयारच नव्हतं. ती बाहेर थांबलेली असताना आत चाळीसेक मिनिटांत 'आय शुड बी सो लकी' लिहून झालं. तिला आत बोलावलं, एकेक ओळ सांगितली, तिने ती गायली, आणि बॅग उचलून विमानतळ गाठला. गाणं ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिलं. पुढच्या गाण्यासाठी माइक स्टॉकला मग मेलबर्नला जाऊन तिची माफी मागावी लागली. एकोणीस वर्षांच्या पोरीने तासाभरात अनोळखी गाणं उचलून, न कुरकुरता म्हणून दाखवलं, याला मी तरी नशीब म्हणणार नाही. रोज पहाटे उठून मालिकेची पानंच्या पानं पाठ करणाऱ्याचं ते काम आहे.

तरीही पहिली काही वर्षं तिला कुणी गायिका धरलंच नाही. गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घेतात ना, खेळू द्यायचं पण मोजायचं नाही, तसा सगळा प्रकार. मायदेशातल्या वर्तमानपत्रांनी तर 'सिंगिंग बजी', म्हणजे पिंजऱ्यातला गाणारा चिमुकला पोपट, असं नाव ठेवलं. रेकॉर्डी खपत होत्या आणि जाणकार नाकं मुरडत होते.

१९९२ मध्ये तिने कारखाना सोडला. आणि १९९५ मध्ये एक अजब जोडी जमली. निक केव्ह हा ऑस्ट्रेलियाचाच, पण काळ्या कपड्यांतला, खून-मृत्यू-पाप यांची गाणी लिहिणारा माणूस. कायलीसाठी गाणं लिहायचं त्याच्या कित्येक वर्षं मनात होतं. त्याने लिहिलं ते 'व्हेअर द वाइल्ड रोझेस ग्रो', ज्यात प्रियकर नदीकाठी प्रेयसीच्या डोक्यात दगड घालतो. कायली त्यात मरणाऱ्या मुलीच्या तोंडचं गाते. तो पातळ, कोवळा आवाज, ज्याची इतकी टिंगल झाली होती, तिथे नेमका लागू पडला. भरदार आवाजाच्या गायिकेने ते गायलं असतं तर ऐकणाऱ्याला तिची काळजी वाटली नसती.

त्याच केव्हने पुढच्या वर्षी तिला भरीस पाडलं. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कवितावाचन होतं. तिथे तिने संगीताशिवाय, साध्या आवाजात, कविता वाचावी तशी 'आय शुड बी सो लकी' वाचून दाखवली. ज्या गाण्यापासून ती पळत होती, ते कवींच्या मेळ्यात उभं राहून, सरळ चेहऱ्याने. तिच्या कारकिर्दीतला माझ्या मते हाच खरा वळणाचा क्षण, पुढची सगळी बक्षिसं धरूनही. त्यानंतरही एक अवघड अल्बम तिने केला, बरेचसे शब्द स्वतःचे. नाव होतं 'इम्पॉसिबल प्रिन्सेस'. तो निघायच्या सुमारास डायना गेली आणि ब्रिटनमध्ये नाव बदलावं लागलं. तिथे तो पडला, ऑस्ट्रेलियात बरा चालला. मला तो आवडतो, पण त्यातलं काही गुणगुणायला जावं तर जमत नाही.

२००० मध्ये ती परतली ती उडत्या चालीकडेच, पण आता मुकाट्याने नव्हे, डोळे उघडे ठेवून. 'स्पिनिंग अराउंड' हे गाणंही मूळ दुसरीचंच, अमेरिकन गायिका पॉला अब्दुल स्वतःसाठी त्यावर काम करत होती. व्हिडिओतली सोनेरी आखूड चड्डी जुन्या बाजारात पन्नास पेन्सला घेतलेली. आज ती मेलबर्नच्या आर्ट्स सेंटरच्या संग्रहात जपून ठेवली आहे. त्याच वर्षी सिडनी ऑलिम्पिकच्या समारोपात ती मैदानात आली ती एका अवाढव्य हवाई चपलेवर बसून, आणि ती चप्पल खांद्यावर घेऊन चालले होते समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षक. पालखीचा मान चपलेला देणारा देश मला तेव्हापासून आवडतो.

मे २००५ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं जाहीर झालं. वय ३६. दौरा थांबला. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत ऑस्ट्रेलियात मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या, नोंदण्या ४० टक्क्यांनी वाढल्या, आणि आधी कधीच तपासणी न केलेल्या बायकांमध्ये तर दुपटीने. आरोग्यखात्याच्या पत्रकांना जे जमत नाही ते एका बातमीने केलं. फारसा धोका नसलेल्या तरुण मुलींनीही रांगा लावल्या आणि त्याचा विशेष उपयोग झाला नाही, हेही नंतरच्या अभ्यासात निघालं. म्हणजे प्रसिद्ध माणसाचं आजारपण हे काही सरळ औषध नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये सिडनीत तिने तोच अर्धा राहिलेला दौरा पुन्हा सुरू केला.

आपल्याशी तिचा संबंध यायचा होता तो २००९ मध्ये आला. अक्षयकुमारच्या 'ब्लू' चित्रपटात ए. आर. रहमानच्या चालीवर, सोनू निगमबरोबर 'चिगी विगी'. मोठी नावं, मोठा खर्च, आणि गाणं मात्र सुमार. तिच्या कानाने त्या दिवशी रजा घेतली असावी. रहमानच्याही.

२०२३ मध्ये 'पदाम पदाम' आलं. हृदयाच्या ठोक्यांचा आवाज, एवढाच त्याचा अर्थ. तरुणांसाठी चालणारी रेडिओ केंद्रं ते वाजवायला खळखळ करतायत, अशी ओरड ब्रिटनमधल्या चाहत्यांनी केली. तोवर पोरांनी मोबाइलवर त्याचं एवढं करून ठेवलं होतं की केंद्रांना मागून यावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. पॉप डान्स रेकॉर्डिंगचा तो विभाग त्या वर्षी नवाच सुरू झालेला, आणि त्याची पहिली मानकरी पंचावन्न वर्षांची. तिच्यासमोर नामांकनात पर्थमध्ये वाढलेला गायक ट्रॉय सिवानही होता. 'लोकोमोशन' बाजारात आलं, तेव्हा त्याच्या जन्माला आठ वर्षं अवकाश होता.