देठ राखला तेव्हा केसर टिकला

मागच्या वर्षी आमच्या केजकडच्या बागेतला केसर आंबा पुण्याला पाठवला आणि पाचव्या दिवशी फोन आला, निम्मी फळं देठाजवळ काळी पडलीत. मला वाटलं गाडीत आदळआपट झाली असंल. पण घरी पिकायला काडात रचलेल्या आढीतपण तेच, वरून पिवळंधम्मक आणि देठाशी बोट टेकवलं की आत जातंय. लई जीव तुटला, टँकरनं पाणी घालून जगवलेली झाडं ती.

मग कृषी सहायकांना बोलावलं. त्यांनी आधी आम्ही आंबे उतरवतो कसे तेच बघितलं. फांदी हलवायची, काठीनं हाणायचं, खाली पोतं धरायचं. देठ मुळातून तुटला की चीक उडतो, तो ओघळला की साल भाजल्यागत होते, डाग मागून दिसतो. आणि करपा, देठकूज या रोगांची बुरशी बागेतच फळात शिरून गप बसलेली असते, पिकायला लागलं की वर येते, म्हणजे गाडीवाल्याचा काही दोष नव्हता.

यंदा ब्लेडवाला झेला, म्हणजे फळ देठासकट कापून जाळीत झेलणारी लांब काठी, आणला. उजाडताच सुरुवात, देठ चार-पाच सेंटीमीटर ठेवून फळ काढायचं, सावलीत आणून कात्रीनं एक सेंटीमीटरवर छाटायचं आणि लगेच बाजेच्या विणीत उलटं बसवायचं, चीक थेट खाली गळतो, सालीला लागत नाही. अण्णा म्हणाले, "अरे, एकेका आंब्याचे एवढे लाड?" पण तासाभरानं बाजेखालचं पोतं चिकट झालेलं बघून तेच कात्री घेऊन बसले.

खरी कसरत गरम पाण्याची, आत लपलेली बुरशी मारायला. ५२ अंशाला १० मिनिटं बुडवायचं, पण लग्नातल्या मोठ्या पातेल्यात एकदम क्रेटभर आंबे सोडले की पाणी ४७ वर यायचं, लाकडं सारली की ५५ च्या वर, पहिल्या घाण्याची साल तपकिरी झाली. मग थोडे थोडे सोडले, थर्मामीटर हातातच, शेजारी उकळतं आणि गार पाण्याची बादली. नंतर सावलीत कोरडे करून गव्हाच्या काडात आढी. एका व्यापाऱ्यानं लवकर पिकायला कार्बाइडची पुडी टाका म्हणलं, त्याला सरळ नाही म्हणलो, कायद्यानं बंदी आहे आणि खाणारी लेकरंच असतात.

४० क्रेटमागं यंदा डागी निघाले तीन. त्यातले दोन अकरानंतर, उन्हात काढलेल्या मालातले, म्हणून पुढच्या वर्षी झेले दोन घेणार, नऊच्या आत उतार संपला पाहिजे.