अवघड आणि जाचक : ‘सिल्कसाँग’च्या समीक्षेविषयी

४ सप्टेंबर २०२५ हा गुरुवार होता, घरात गणपती होते आणि संध्याकाळी साडेसात वाजता, म्हणजे आमच्या लातूरच्या घरी आरती सुरू होते नेमक्या त्याच वेळी, ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ हा गेम जगभर एकाच क्षणी विक्रीला आला. छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा सणासाठी आला होता. तो टाळ वाजवत होता, पण त्याचे लक्ष कोनाड्यात ठेवलेल्या मोबाइलकडे होते आणि ‘घालीन लोटांगण’ संपते न संपते तोच तो माडीवर पळाला. अर्धा तास काहीच उपयोग झाला नाही. गर्दीमुळे जगभरातली मोठी ऑनलाइन दुकाने कोलमडली होती. वीस डॉलर किमतीच्या, सपाट द्विमितीय पडद्यावर हाताने रेखाटलेल्या किड्यामुंग्यांच्या गेमसाठी एवढी झुंबड उडावी, याचे मला त्या दिवशी हसू आले होते. पुढच्या दोन महिन्यांत मी त्याच्या शेजारी बसून हा गेम बराच पाहिला, थोडा खेळलो, आणि त्याच्यावर लिहिले गेलेले त्याहून बरेच अधिक वाचले. हा लेख त्या वाचनाविषयी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरातल्या टीम चेरी या मोजक्या माणसांच्या चमूने लोकवर्गणीतून ‘हॉलो नाइट’ बनवला आणि तो २०१७ मध्ये आला. वर्गणीदारांना दिलेल्या आश्वासनांपैकी एक असे होते की, हॉर्नेट या पात्राला (तीच ‘सिल्कसाँग’ची नायिका) घेऊनही खेळता येईल. ते काम पुरवणी म्हणून सुरू झाले, वाढत गेले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो स्वतंत्र गेम असेल असे जाहीर झाले. त्यानंतर साडेसहा वर्षे लोक वाट पाहत राहिले. या काळात पहिल्या गेमच्या दीड कोटी प्रती खपल्या आणि ‘सिल्कसाँग कधी?’ हा प्रश्न गेमरांच्या जगात एक विनोद होऊन बसला. शेवटी तारीख जाहीर झाली ती अवघे दोन आठवडे आधी, आणि पहिल्याच दिवशी एकट्या स्टीम या पीसी-गेमांच्या ऑनलाइन दुकानावर पाच लाखांहून अधिक लोक एकाच वेळी खेळत होते.

समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच होती. टीम चेरीने समीक्षकांना आगाऊ प्रती दिल्या नाहीत. ज्यांनी वर्गणी दिली आणि वर्षानुवर्षे वाट पाहिली त्यांच्याआधी समीक्षकांनी खेळणे बरे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. परिणामी विक्रीच्या दिवशी नेहमीसारखा गुणांचा तक्ता तयार नव्हता. समीक्षक ‘अजून खेळतो आहे’ असे सांगत हप्त्याहप्त्याने लिहीत होते, आणि त्यांचा अंतिम निकाल येईपर्यंत सामान्य खेळाडूंचे भांडण रंगात आले होते. मला ही व्यवस्था आवडली. निकाल आधी हातात असला की वाचक आणि खेळाडू दोघेही आपला अनुभव त्या आकड्याशी ताडून पाहतात. इथे कोणालाच ती सोय नव्हती.

आकडा पुढे आलाच. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर तो नव्वदीच्या आसपास स्थिरावला, आणि डिसेंबरात ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम अ‍ॅक्शन-साहस गेमचा पुरस्कारही मिळाला. आमच्या गावात नव्वद या आकड्याला फार मान आहे. लातूर पॅटर्नमध्ये मुले वाढतात ती गुणपत्रिकेवर नजर ठेवून, आणि मी स्वतः भौतिकशास्त्र शिकवत असल्याने त्या मानात माझाही वाटा आहे. पण नव्वद गुण मिळालेल्या मुलाचे कोणते दहा गेले, हे पाहिल्याखेरीज शिक्षकाला त्या मुलाविषयी काही कळत नाही. समीक्षकांची स्तुती जवळजवळ एकसुरी होती आणि ती योग्यही होती : हॉर्नेटची चपळता, प्रत्येक प्रदेशाचे वेगळे रंगरूप, ख्रिस्तोफर लार्किन यांचे संगीत, न उलगडणारा अवाढव्य नकाशा. त्यावर मी अधिक लिहीत नाही. खरी चर्चा झाली ती गेलेल्या दहा गुणांवर, आणि तिथेच बहुतेकांची गल्लत झाली असे माझे मत आहे.

चर्चा अशी चालली. एक बाजू म्हणाली, गेम प्रमाणाबाहेर अवघड आहे. दुसरी बाजू म्हणाली, तुम्हाला खेळता येत नाही. या दुसऱ्या बाजूचा ‘गिट गुड’ हा टोमणा जुना आहे. त्याचे भाषांतर करण्याची गरज नाही, कारण आमच्याकडच्या शिकवणीच्या गल्लीत तो ‘सराव कमी पडला’ या शब्दांत रोज ऐकू येतो. मीही तो वर्गात शेकडो वेळा उच्चारला असेल. माडीवरच्या त्या लॅपटॉपसमोर बसल्यावर मात्र लक्षात आले की, दोन्ही बाजू ‘अवघड’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरत आहेत. अवघड गोष्ट शिकता येते. जाचक गोष्ट शिकण्यासारखी नसतेच, ती फक्त सोसायची असते.

अवघडपणाचे उदाहरण हॉर्नेटच्या खालच्या वाराचे देता येईल. पहिल्या गेममधला वीर उडी मारून सरळ खाली वार करत असे. हॉर्नेट सुरुवातीला तिरकी खाली झेपावते. पहिला गेम शंभर तास खेळलेल्यांचीही बोटे इथे चुकली आणि अनेकांनी तक्रार केली. पण ही तक्रार टिकत नाही. चार-पाच दिवसांत हाताला तो कोन कळतो, पुढे वेगळी ‘क्रेस्ट’, म्हणजे लढण्याची तऱ्हा बदलणारे चिन्ह, मिळाली की वाराची तऱ्हा बदलता येते, आणि भाच्याला तर नंतर तो तिरका सूरच अधिक आवडू लागला.

आता जाचाकडे येतो, आणि इथे थोडे गणित करावे लागेल, त्याची वाचकांनी मला मोकळीक द्यावी. हॉर्नेटचे प्राण सुरुवातीला पाच मुखवट्यांत मोजले जातात. या गेममध्ये बरेच शत्रू एका फटक्यात दोन मुखवटे घेतात. म्हणजे दोन फटक्यांनंतर एक मुखवटा उरतो आणि तिसऱ्या फटक्याला खेळ संपतो. मुखवट्याचे चार तुकडे शोधले की सहावा मुखवटा मिळतो, आणि ते तुकडे सहज सापडणारे नाहीत. पण सहातून दोन-दोन वजा करत गेले तरी तिसऱ्याच फटक्याला शून्य येते! दुहेरी फटके देणाऱ्या शत्रूसमोर पहिल्या बढतीचा फायदा काहीच नाही. तो मिळायला सातवा मुखवटा, म्हणजे आणखी चार तुकडे लागतात. जखमा भरण्याचा हिशेबही असाच आहे. पुरेसे रेशीम साठले की हॉर्नेट एका झटक्यात तीन मुखवटे भरून घेते. पहिल्या गेममध्ये एकेक मुखवटा सावकाश भरावा लागे, त्यामानाने हे उदार वाटते, पण तीन मुखवटे म्हणजे दीड फटका. भाच्याला मी हे वहीच्या पाठीमागे मांडून दाखवले तेव्हा तो दोन आठवड्यांत पहिल्यांदा खळखळून हसला. ‘मामा, म्हणूनच वाटायलं, मी सुधरलो तरी तितक्यालाच मरायलोय!’

त्याच्या या वाक्यात जे आहे ते मला फार थोड्या समीक्षणांत सापडले. पुष्कळांनी ‘दुहेरी नुकसान’ एवढेच लिहून पुढचा मुद्दा घेतला. खेळाडूचे कौशल्य वाढले तरी ते त्याला जाणवू नये, अशी ही रचना आहे, हे सांगायला हवे होते.

दुसरा जाच म्हणजे परतीची पायपीट, गेमरांच्या भाषेत रनबॅक. हरल्यावर हॉर्नेट ज्या बाकावर शेवटी विसावली होती तिथेच जागी होते आणि तिथून बॉसपर्यंत, म्हणजे त्या टप्प्यावरच्या मोठ्या शत्रूपर्यंत, पुन्हा उड्या मारत, काटे चुकवत जावे लागते. ‘लास्ट जज’ या बॉसपर्यंतची वाट ब्लास्टेड स्टेप्स या वाऱ्यावादळाच्या प्रदेशातून जाते. लढाई चांगली आहे. तो घंटेसारखे जड शस्त्र फिरवतो त्याची लय कळायला लागली की मजा येते. पण एक मिनिट लढायचे, मरायचे आणि तेवढाच वेळ पुन्हा चढायचे, असे वीस-बावीस वेळा झाल्यावर भाच्याने कंट्रोलर गादीवर ठेवला. ‘मी खेळायलोय का नुसतं चालायलोय?’ त्यावर आणखी गंमत अशी की, हा न्यायाधीश हरल्यावर शांतपणे मरत नाही, त्याचा स्फोट होतो. जिंकलो म्हणून जवळ उभा राहिलेला माणूस त्यातही सापडतो. याच स्वभावाचे एक बाक ‘हंटर्स मार्च’मध्ये आहे : जीव वाचवत आलेली हॉर्नेट त्यावर बसते आणि सापळा सुटतो. हा विनोद मला आवडला, भाच्याला नाही. तो सापळा बंद करण्याची कळ जवळच लपवलेली आहे आणि ती शोधणाऱ्याला मिळते, त्यामुळे मी त्याला जाच म्हणणार नाही, खोडी म्हणेन.

निर्मात्यांनी बाजू मांडली ती विचार करण्यासारखी आहे. मेलबर्नच्या एसीएमआय या संग्रहालयातील संवादात अ‍ॅरी गिब्सन आणि विल्यम पेलेन यांनी सांगितले की, हॉर्नेट मुळातच पहिल्या वीराहून वेगवान आणि कुशल असल्याने साध्या शत्रूलाही अधिक हुशार करावे लागले, आणि एखाद्या ठिकाणी अडलेल्याने तिथेच डोके आपटत न बसता दुसरीकडे जावे, अशी मोकळीक नकाशात ठेवली आहे. पहिला मुद्दा मला मान्य आहे. दुसरा अर्धा मान्य आहे. लास्ट जजला टाळून वर जाण्याची आडवाट खरोखरच आहे, पण ती ‘द मिस्ट’ नावाच्या दिशाभूल करणाऱ्या धुक्यातून जाते आणि शेवटी तिथेही एक बॉस उभाच असतो. हमरस्ता खचला म्हणून पाणंदीने जावे आणि पाणंदीत गुडघाभर चिखल लागावा, असा हा पर्याय आहे.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात आमच्याकडे अतिवृष्टीने कहर केला, वीज वरचेवर जाई, आणि समीक्षणे मी मोबाइलवरच वाचत असे. त्या दिवसांत मला या गेमविषयी सर्वांत पटलेले लेखन गुणदोषांचे नव्हते, कथेचे होते. गेम जिथे घडतो ते फार्लूम हे राज्य यात्रेकरूंचे आहे. शिखरावरच्या पवित्र गडाकडे किड्यांचे जथे निघाले आहेत, वाटेत मरून पडले आहेत, आणि त्या राज्यात चलन म्हणून जपमाळेचे मणी चालतात. काही बाकांवर बसायलाही मणी मोजावे लागतात. मेल्यावर अंगावरचे मणी तिथेच पडतात, आणि ते उचलण्याआधी पुन्हा मेले तर कायमचे जातात. सुरक्षित ठेवायचे तर माळेत ओवून घ्यावे लागतात, आणि ८० मणी दिल्यावर ६० मण्यांची माळ मिळते. पाव हिस्सा गेला! काही समीक्षकांनी यावर म्हटले की, हा जाच हीच कथा आहे. देवाच्या नावावर यात्रेकरूला नागवणाऱ्या राज्यात खेळाडूलाही नागवले गेल्याचे जाणवावे.

वारीच्या वाटेवरच्या माणसाला हे वाचून थबकायला होते. आमच्याकडून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांची पायपीट काही कमी नसते, पण गावोगावी पिठले-भाकरी वाढणारे हात असतात आणि टेकायला ओसरी असते. तिचे भाडे कोणी मागत नाही. फार्लूममध्ये ती ओसरीच विकायला काढली आहे, आणि शेर्मा नावाचा तो चिमुकला यात्रेकरू तरीही गात वर चढतो, हे पाहून मला गलबलून आले. इतपत मी समीक्षकांशी सहमत आहे. मात्र कथेच्या या समर्थनाखाली सगळेच झाकता येत नाही. बाकाला पैसे मागणे ही कथा आहे. सहाव्या मुखवट्याचा काही उपयोग नसणे ही कथा नाही, ती मोजणीतली चूक किंवा आडमुठेपणा आहे.

टीम चेरीलाही थोडे पटले असावे. आठवड्याभरातच त्यांनी पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, जाहीर केला : मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन बॉस किंचित सौम्य झाले, मधल्या टप्प्यावरच्या काही बाकांचे दर उतरले, काही ठिकाणी मणी वाढले. त्यावर एका गटाने निर्माते नमले म्हणून आरडाओरड केली. पीसीवर खेळणाऱ्यांनी तर तोवर दुहेरी फटका एकेरी करणारे मॉडही, म्हणजे खेळाडूंनीच केलेले गेममधले फेरफार, बनवून टाकले होते. मला यात कोणाचाच पराभव दिसला नाही. आपण प्रश्नपत्रिका काढल्यावर एखादा प्रश्न चुकल्याचे लक्षात आले तर गुण द्यावेतच लागतात.

एका तक्रारीची दखल मात्र आपल्या भाषेतल्या माणसाने अधिक घ्यायला हवी होती. सुरुवातीच्या दिवसांत सोप्या चिनी लिपीतल्या स्टीम-समीक्षणांचा कल बराच नकारात्मक होता आणि त्यामागे अवघडपणापेक्षाही भाषांतर होते. मूळ इंग्रजी संवाद गूढ पण मोजके आहेत. चिनी रूप मात्र जुनाट, पल्लेदार, ग्रांथिक झाले आहे, असे तिथल्या खेळाडूंचे म्हणणे होते. सुधारणा करू असे निर्मात्यांच्या बाजूने लगेच सांगितले गेले. मी चिनी वाचू शकत नाही, पण दुखणे ओळखीचे आहे. शेर्माच्या तोंडी उद्या कोणी ‘हे परमपवित्र दुर्गशिखरा’ अशी मराठी घातली, तर मीही नकारात्मकच लिहीन. अर्थात हा गेम मराठीत नाही, त्यामुळे तो प्रसंग इतक्यात येणार नाही.

दिवाळीत भाचा पुन्हा आला तेव्हा तो गडाच्या आत पोहोचला होता, सात मुखवटे घेऊन. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके ओसरल्यावर त्याने मला दुकानाच्या पानावर त्याने स्वतः लिहिलेले समीक्षण दाखवले. तिथे गुण देता येत नाहीत, शिफारस करतो की नाही एवढेच विचारतात. त्याने शिफारस केली होती. खाली त्याच्या खेळाचे एकशेचार तास दिसत होते आणि त्याखाली मराठीत एकच ओळ होती : ‘लढाई लई भारी, चालणं लई.’