आमची वाटचाल: 25ने गुणलं आणि फसलो

आमची ब्रुअरी म्हणजे मी, माझा मावसभाऊ आणि एक पेल एल. बाकीच्या बिअर येतात-जातात, गिऱ्हाईक दारात येतं ते हिच्यासाठी. ती घरातल्या 20 लिटरच्या पातेल्यात जन्मली. दादा हिशेब बघायचा, मी आच आणि घड्याळ. (मावसभाऊ वयाने मोठा, म्हणून तो दादाच.) पहिल्या पंधरा-सोळा बॅचेसबद्दल सांगण्यासारखं काही नाही. काही बऱ्या झाल्या, दोन मोरीत ओतल्या.

जमली ती अशी: वर्टच्या (माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड काढ्याच्या) 60 मिनिटांच्या उकळीच्या सुरुवातीला 12 टक्के अल्फा आम्लाचे (यातूनच कडवटपणा येतो) मॅग्नम वाणाचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळकी फुलं, 16 ग्रॅम. शेवटची 10 मिनिटं उरली की कॅस्केड हॉप्स 30 ग्रॅम. गॅस बंद केला की आणखी 40 ग्रॅम कॅस्केड, आणि लगेच तांब्याची गुंडाळी वर्टमध्ये सोडून थंड करायला घ्यायचं. आंबणं संपत आलं की ड्राय हॉपिंगला, म्हणजे न उकळता थेट थंड बिअरमध्ये टाकायला, 60 ग्रॅम. कॅस्केड हा वाण अमेरिकेत 1972 साली लागवडीसाठी खुला झाला आणि 1980 पासून सिएरा नेवाडाच्या पेल एलने तो घरोघरी पोचवला. आम्हीही त्याच वाटेने आलो, त्यात आमची अक्कल काही नाही. टिनसेथच्या सूत्राने कडवटपणा तिसाच्या आसपास आयबीयू (कडवटपणाचं एकक) निघायचा आणि जिभेलाही तसाच लागायचा. मित्र दुसरा ग्लास मागायचे.

परवाना, जागा, कर्ज यात दीड वर्ष गेलं. त्याबद्दल लिहायला बसलो तर बिअरचं राहूनच जाईल.

मोठी केटल आली 500 लिटरची. दादाने वहीत सगळं 25ने गुणलं: मॅग्नम 400 ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांचं कॅस्केड 750, गॅस बंद केल्यावर 1000. हिशेबात खोट नव्हती. तीन आठवड्यांनी पहिला ग्लास ओतला आणि मी विचारलं, "दादा, हे जिभेच्या मागे का बसून राहतंय?" त्याने एक घोट घेतला आणि काहीच बोलला नाही. घरची बिअर आणि ही शेजारी ठेवली तर एका आईची लेकरं वाटली नसती.

आधी आम्ही सगळेच हॉप्स एक तृतीयांशाने कमी केले. कडवटपणा थोडा उतरला, पण वास पार गेला. नुसत्या माल्टची, गोडसर, काहीतरी हरवलेली बिअर. या बॅचचे पैसे कुठल्या तोंडाने घेणार? येईल त्याला फुकट पाजली. पुढच्या बॅचलाही हीच गत झाली तर केटलचा हप्ता खिशातून जाणार होता.

चूक सापडली ती थर्मामीटरमुळे. हॉप्समधलं अल्फा आम्ल मुळात फार कडू नसतं आणि वर्टमध्ये नीट विरघळतही नाही. उष्णतेने त्याची रचना बदलते, तेव्हा ते विरघळतं आणि कडू लागतं. याला वेळ लागतो. सुगंधी तेलांचं उलटं, ती वाफेबरोबर उडून जातात. म्हणून आधीचे हॉप्स कडवटपणासाठी, नंतरचे वासासाठी. घरच्या पातेल्यात गॅस बंद केला की पाच मिनिटांत वर्ट 80 अंशांखाली यायचं. मोठ्या केटलमध्ये मात्र वर्ट फिरवून गाळ मध्यभागी बसवायचा, मग ते प्लेट चिलर या थंड करणाऱ्या यंत्रातून हळूहळू सोडायचं. यात पाऊण तास जातो आणि तोवर ते 90च्या वरच असतं. त्या तापमानाला कडवटपणा उकळीच्या निम्म्या वेगाने का होईना, तयार होतच राहतो. म्हणजे गॅस बंद केल्यावर टाकलेले 1000 ग्रॅम वीसेक मिनिटं उकळल्यासारखेच होते. बेरीज केली तर आकडा पन्नाशीच्या पुढे. वास मात्र छताला.

उपाय शोधायला सोपा निघाला, करायला नाही. उकळ संपली की वर्ट चिलरमधून काढून पुन्हा केटलमध्येच सोडायचं, असं फिरवत 80 अंशांपर्यंत आणायचं. तिथे कडवटपणाचा वेग उकळीच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो. मग 750 आणि 1000, दोन्ही एकदमच टाकायचं, 1750 ग्रॅम, आणि अर्धा तास थांबायचं. मॅग्नमचे 400 ग्रॅम जिथल्या तिथे. वजनात एका ग्रॅमचा फरक न करता बिअर परत तिसाच्या आसपास आली आणि वास घरच्यापेक्षा चांगला निघाला. दादाने वहीत एक नवीन रकाना आखला: तापमान. माझ्या मते पाककृतीत हा रकाना नसेल तर ग्रॅमचे आकडे अर्धेच आहेत.

मग धंदा वाढला आणि आम्ही शेफारलो. "वास अजून हवा," असं चार जण म्हणाले म्हणून ड्राय हॉपिंग लिटरला 3 ग्रॅमवरून 5 वर नेलं. आंबणं 1.012 वर थांबलेलं बघून (हे बिअरच्या घनतेचं माप, साखर आंबते तसं ते उतरतं) हॉप्स टाकले, तीन दिवसांनी बाटल्या भरल्या. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात. ती उरलेल्या न आंबणाऱ्या साखरेचे तुकडे करतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. बाटलीतलं माप 1.009 वर आलं. उघडताच फेस टेबलभर, आणि लोण्यासारखा वास. माल परत घेतला. काही दुकानदार पुन्हा फिरकले नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता हॉप्स टाकल्यावर माप सलग तीन दिवस हलत नाही तोवर बाटली भरत नाही. एक नमुना 60 अंशांवर गरम करून हुंगतो. लोणी आलं तर टाकी अजून तशीच. यात प्रत्येक बॅचला चारेक दिवस जास्त जातात, आणि टाक्या दोनच असल्याने महिन्याला एक बॅच कमी निघते. दादा या चार दिवसांवरून अजून कुरकुरतो. तिसऱ्या टाकीचं बोलणं चालू आहे.

हॉप्सची दर पीकवर्षाला नवी खेप येते आणि पाकिटावरचा अल्फाचा आकडा बदलतो. यंदाचं मॅग्नम 14 टक्क्यांचं आहे, म्हणून 400 ऐवजी 343 ग्रॅम. कॅस्केडला मी हा हिशेब लावत नाही. मूठभर पेलेट्स (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या) तळहातावर चुरायच्या, नाक आत घालायचं. मोसंबी-संत्र्याची साल आली तर वजन तेच, कांदा-लसूण आला तर ती गोणी परत. गेल्या आठवड्यात एक परत पाठवली, दुसरीची वाट बघतोय.