२० काडतुसं आणि आईचा फोन

काल रात्री पोरगी झोपल्यावर गॅरेजमध्ये बसून २० काडतुसं भरली. दीड तास लागला. २० ला दीड तास म्हणजे इथल्या लोकांनाही जास्तच वाटतं, पण मी असाच भरतो आणि का ते आज नीट लिहायचंय, कारण गावाकडून सारखं विचारणं होतं की बाबा तू द्राक्षबागेत कामाला गेलायस का शिकारीला.

मी राहतो न्यूझीलंडमध्ये, सेंट्रल ओटॅगोत, अलेक्झांड्राजवळ. मूळचा माणचा, दहिवडीकडचा, त्यामुळे दुष्काळी रान काय असतं ते मला कुणी सांगायची गरज नाही, पण इथे पाऊस माणपेक्षाही कमी, वर्षाला साधारण ३५० मिलिमीटर. उघडेबोडके डोंगर, सगळीकडे खडक वर आलेला आणि उतारांवर जंगली थाइम, म्हणजे एक वासाचं झुडूप, माजलेलं. पहिल्या उन्हाळ्यात ते पायाखाली चुरडलं गेलं आणि एकदम ओव्याचा वास आला, आईच्या मिसळणाच्या डब्यातल्या ओव्याचा, मी तिथेच उभा राहिलो. दोन्हींत थायमॉल नावाचं तेच वासाचं द्रव्य असतं हे नंतर कळलं.

ह्या रानाला सशांनी खाल्लंय. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नाही, ससे गोऱ्यांनी आणून सोडले, खायला आणि शिकारीला, आणि १८७६ मध्येच सशांच्या उपद्रवावर कायदा करायची वेळ आली. मग सशांवर उतारा म्हणून फेरेट आणि स्टोट हे मुंगसासारखे शिकारी प्राणी आणले तर ससे राहिले बाजूलाच, त्यांनी इथले उडता न येणारे बिचारे पक्षी संपवत आणले. १९९७ मध्ये सरकारने सशांना मारणारा व्हायरस आणायला नकार दिल्यावर कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी तो चोरून आणला आणि पसरवला, पहिल्यांदा सापडला तो आमच्या इथून जवळच, क्रॉमवेलच्या बाजूला. २०१८ ला त्याचा दुसरा प्रकार अधिकृतपणे सोडला. ससे आहेतच. मादीचे महिन्याभरात दिवस भरतात आणि व्यायल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते, आता करा हिशोब. दहा ससे एका मेंढीचा चारा खातात असं इथले शेतकरी सांगतात, आणि आमच्या बागेत तर नवीन लावलेल्या वेलींची साल बुडापासून सोललेली मी स्वतः बघितलीय, सकाळी गेलो तर अख्खी रांग बुडाशी पांढरी दिसत होती. तीन वर्षांची मेहनत असते ती.

ससे किती झालेत ते मोजायची इथे १ ते ८ अशी एक पट्टी आहे, लेंड्यांवरून आणि दिसणाऱ्या सशांवरून ठरवतात, आणि ओटॅगोत ३ च्या वर जाऊ द्यायचं नाही ही जबाबदारी जमीनमालकाची. जाळी, विषारी गाजरं, बिळांत धुरी, हे सगळं आधी. बंदूक शेवटी, उरलेल्यांसाठी. नुसत्या बंदुकीने ससे संपतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ते उरलेल्यांचं काम माझ्याकडे आलं. लायसन्स काढलं, परीक्षा दिली, पोलिसांकडून घरी येऊन बंदूक ठेवायची तिजोरी बघून गेले, आणि दोन वर्षं एका शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाबरोबर नुसता फिरलो. त्यानेच मला काडतूस भरायला शिकवलं.

आता मुद्द्यावर येतो. जवळच्या सशाला साधी पॉइंट टू टू रायफल पुरते, तिची काडतुसं परत भरता येत नाहीत, दुकानातून आणायची आणि वापरायची. पण हुशार झालेले ससे १५० मीटरच्या आत येऊच देत नाहीत आणि टू टू ची शिशाची गोळी खडकावर आपटून भलतीकडे उडते, ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि आमच्या इथे सगळा खडकच. म्हणून माझ्याकडे ट्रिपल टू रेमिंग्टन रायफल आहे, तिचं काडतूस १९५० मध्ये निघालेलं, गोळी ५० ग्रेनची म्हणजे फक्त सव्वातीन ग्रॅम, सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या आसपास निघते आणि जे काही समोर येईल त्यावर फुटून तिथल्या तिथे चुरा होते. ससा जागच्या जागी संपतो. त्याला आवाजही ऐकू येत नाही, गोळी आवाजाच्या आधी पोचलेली असते.

पण हे कधी, तर गोळी जिथे पाहिजे तिथेच लागली तर. सशाचं डोकं लिंबाएवढं. दुकानातली काडतुसं वाईट नसतात, पण प्रत्येक रायफलचा स्वभाव वेगळा आणि माझ्या रायफलला ती १०० मीटरवर वाटीएवढ्या गोलात पडायची. वाटीएवढा गोल म्हणजे अर्धे ससे जखमी होऊन बिळात जाणार आणि आत मरायला दोन दिवस घेणार. हाताने भरलेली आता एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात. पैसे वाचतात का असं सगळे विचारतात, थोडे वाचतात, पण प्रेस आणि डाय, म्हणजे नळीचा साचा, आणि काटा घ्यायला जे गेले ते अजून फिटले नाहीयेत आणि मला त्याचं काही वाटत नाही.

भरायचं म्हणजे असं, की उडालेल्या काडतुसाची पितळी नळी उचलून आणायची, पुसायची, प्रेसमध्ये घालून दाबायची म्हणजे फुगलेली नळी परत मापात येते आणि जुनी टोपी, म्हणजे प्रायमर, खाली पडते. मग माझं सगळ्यात आवडतं काम. एक बारीक तार टोकाला वाकवून नळीच्या आत घालायची आणि बुडापासून वर हळूहळू ओढत आणायची. चांगली नळी असेल तर तार गुळगुळीत सरकते. चार-पाच वेळा वापरलेली नळी असेल तर बुडाच्या थोडं वर तार अडकते, इतकी हलकी की श्वास धरला नाही तर कळत नाही. तिथे आतून पितळ पातळ झालेलं असतं आणि पुढच्या बारात नळी तिथूनच तुटते. तार अडकली की नळी पक्कडीने चेपून भंगारात. मग लांबी मोजायची, वाढलेली तेवढी कापायची, तोंड साफ करायचं, नवीन टोपी बसवायची, दारू तोलायची, गोळी बसवायची. दारू किती ते मी इथे लिहिणार नाही, ते पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात बघायचं, कमीत कमी मापापासून सुरू करायचं आणि दुसऱ्याच्या रायफलचं माप आपल्या रायफलला कधी लावायचं नाही. आणि भारतातून कुणी वाचत असेल तर, आपल्याकडे ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तो आपला ससा तिथलाच आहे आणि त्याला तिथे राहू दे. इथला प्रश्न वेगळा.

आता फोनचं. आमचं घर माळकरी. आजोबांनी आयुष्यात कधी अंडंही खाल्लं नाही, आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिला मी हे काम वर्षभर सांगितलंच नव्हतं. एका रविवारी मी ५० नळ्यांचा ठोकळा समोर घेऊन दारू भरत होतो आणि तिचा फोन आला, बायकोने आधी बोलताना सांगून टाकलं होतं. आई रागावली नाही. नुसतं म्हणाली, "आरं, सशाला मारतूस व्हय?" मी वेली, साल, व्हायरस सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तडफडत न्हाईत न्हवं?" मी म्हटलं नाही. फोन ठेवला आणि परत भरायला बसलो, पण डोकं दहिवडीत होतं.

पुढच्या शनिवारी म्हाताऱ्याबरोबर वर गेलो. तिसरा बार. घोडा ओढला आणि धडाड व्हायच्या जागी नुसतं टप् झालं, कुणीतरी बाटलीचं बूच काढावं तसं. माझा हात सवयीने बोल्टकडे गेला, पुढचं काडतूस चढवायला, आणि म्हातारा असा ओरडला की आयुष्यात तो एवढ्या मोठ्याने बोललेला मी ऐकला नव्हता. बोल्ट काढला. रायफलच्या नळीतून आभाळाकडे बघितलं तर उजेड नाही. एका काडतुसात दारू पडलीच नव्हती, फक्त टोपीच्या जोराने गोळी दोन-तीन इंच पुढे जाऊन अडकली होती, आणि मागून दुसरी मारली असती तर रायफल माझ्या तोंडाशी फुटली असती. म्हाताऱ्याने मला काही सुनावलं नाही. रायफल गाडीत ठेवली आणि थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला. माझे हात कापत होते.

तेव्हापासून फोन घरात, मी गॅरेजमध्ये. मध्ये उठावं लागलं तर भरलेली सगळी दारू डब्यात परत आणि पहिल्यापासून. गोळ्या बसवायच्या आधी टॉर्च घेऊन एकेका नळीत वाकून बघतो, सगळ्यांत दारू एकसारख्या उंचीवर दिसली पाहिजे. एका वेळी ५० पण भरत नाही, २०, कारण २० पर्यंत माझं लक्ष टिकतं हे मला माहीत झालंय.

आईशी त्यानंतर बोललो तेव्हा तो दुसरा प्रश्न तिने परत विचारला, आणि ह्या वेळी मी खरं सांगितलं, की बहुतेक नाही, पण एक गेला होता बिळात पाय ओढत. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग नेम लागंल तवाच मार की." तेवढंच करतोय. डोंगराच्या कडेवर बसलेला ससा, मागे नुसतं आभाळ, तो सोडून द्यायचा. वारा असेल तर घरी. मारलेले सगळे उचलून आणायचे कारण इथले हॅरियर, घारीसारखे शिकारी पक्षी, मेलेले ससे खातात आणि गोळीतलं शिसं त्यांच्या पोटात जातं.

आज वारा पडलाय. हिवाळा आहे, पिल्लांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचे हे दोन महिने महत्त्वाचे. चार वाजता निघतो, खिशात २० आहेत, येताना उरलेली आणि रिकाम्या नळ्या मिळून २० भरल्या पाहिजेत.